सगळ्यात आतलं पान

कामरगावच्या गोमतीला बी.ए. व्हायला सत्तेचाळीस वर्षं लागली. त्यातली एकोणचाळीस तर तिनं पुस्तकाला हातच लावला नव्हता, तेव्हा ती धरायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. उरलेली आठ ही मुक्त विद्यापीठाची मुदत, आणि ती या मार्गशीर्षात संपत होती. पेपर सगळे सुटले होते. राहिला होता एक प्रकल्प आणि त्यावरची तोंडी परीक्षा. तिथं आपटली की आठही वर्षं पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून नाव घाला. सदुसष्टाव्या वर्षी कोण घालतंय?

म्हणूनच तिची कॉलेजातली मैत्रीण विजयमालाबाई त्या दिवशी कारंज्याहून जीपमध्ये कोंबून घेऊन कामरगावला आल्या. तेहेतीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलेली बाई. पर्समध्ये लाल पेन अजून असायचंच.

गोमती गोठ्याच्या पडवीत पोत्यावर बसली होती. समोर कांद्याचा ढीग, हातात विळा. दिवाळीनंतर कांदे लावायचे ते बियाण्यासाठी. त्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे येतात, डेंगळ्यांवर पांढरे गोंडे येतात, गोंड्यात काळं बी. पण लावायच्या आधी प्रत्येक कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा कापून आत बघायचं. एकच डोळा दिसला तर ठेवायचा, दोन दिसले तर जोडकांदा, भाजीला टाकायचा. जोड लावला की बीही तसंच येतं आणि शेतकरी पुढच्या वर्षी दारात शिव्या घालायला येतो. गोमतीचा विळा बोलता बोलता चालत होता. काप, बघ, फेक. काप, बघ, ठेव.

"आली का व विजे? बस. डोयाले पानी येईन, थोडी लांब बस."

"मी रडायला नाही आले. प्रकल्प दाखव."

सून निकितानं तो कॉम्प्युटरवर टाइप करून दिला होता. विषय : विचारांच्या थरांची तीन प्रतिमाने, एक तुलना. पहिलं प्रतिमान पायऱ्यांचं. खाली भूक, तिच्यावर सुरक्षितता, मग माया, मग मान, सगळ्यात वर स्वतःला गवसणं. एक पायरी झाल्याशिवाय दुसरी नाही. दुसरं हिमनगाचं. वर दिसतं ते एवढंसं, बाकी मन पाण्याखाली. तिसरं कांद्याचं. वरचं साल म्हणजे आपलं वागणं, त्याच्या आत विचार, त्याच्या आत समजुती, आणि सोलत सोलत गाभ्याशी गेलं की तिथं बालपण, माणसाचं सगळ्यात जुनं रूप.

पायऱ्यांचं पान वाचताना विजयमालाबाईंना हसूच आलं. अठ्ठ्याहत्तर साली कारंज्याला त्या दोघी एका विधवा बाईच्या घरी वरच्या खोलीत राहायच्या. गोमतीचा डबा रोज कामरगावच्या एस.टी.नं यायचा, कंडक्टर तो स्टँडवरच्या पानवाल्याकडे ठेवायचा. एस.टी. चुकली की दोघी उपाशी. अशाच एका दुपारी गोमतीनं गच्चीवर खडूनं पाच घरं आखली, भुकेपासून वरपर्यंत नावं लिहिली आणि त्यात ठिकरी टाकून लंगडत सुटली. पहिलं घर सोडून थेट पाचव्यात. "पाय विजे, पोटात काई नाई आन मी वर पोचली!" घरमालकीण खालून ओरडली होती, "छत पाडता काय गं पोरींनो?" डबा आला तेव्हा चार वाजले होते. थंड भाकरी, ठेचा आणि वांग्याची सुकी भाजी. तशी वांग्याची भाजी विजयमालाबाईंना नंतर कुठल्याही लग्नात मिळाली नाही, आणि त्या लग्नं काही कमी जेवल्या नाहीत.

दोघींत हुशार गोमतीच. हे विजयमालाबाई कुणाला सांगत नसत, पण विसरतही नसत. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला तीन आठवडे असताना गावातल्याच रंगरावांचं स्थळ आलं, आठवड्यात लग्नही उरकलं. मुलाकडच्यांनी कबूल केलं होतं, पोरगी परीक्षा देईल. परीक्षेच्या दोन दिवस आधी सासरी लसूण काढणी निघाली, गोमती येत नाही असा निरोप खोलीवर आला. गोमतीच्या वह्या खोलीवरच राहिल्या होत्या. त्यांवर अभ्यास करून विजयमाला कॉलेजात पहिली आली. पुढे एम.ए., नोकरी, सगळं. गोमतीनं तीन लेकरं केली, चार एकरांत कांद्याचं बी पिकवलं, आणि रंगराव गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी निकिताला म्हणाली, "तुह्या मोबाइलवर कॉलेजाचा फारम भरता येते काय?"

शेवटचा भाग 'विद्यार्थ्याचे मत'. विजयमालाबाईंनी दोन ओळी वाचल्या आणि थबकल्या.

"हे काय लिहिलंस? कांद्याचं प्रतिमान उलटं आहे?"

"हाये तं." गोमतीनं एक कांदा उभा चिरून पुढे धरला. "पाय. सगळ्यात आतलं पान सगळ्यात कोवळं. ते यंदाचं. जुनं ते वर येते, वाळते आन साल होते. तुमचं पुस्तक म्हनते गाभ्यात बालपन. कांद्यात बालपन वर असते बाई, आत नाई."

"अगं, ती उपमा आहे. उपमेला इतकं ताणायचं नसतं."

"मंग कांदा कायले घेतला? बटाटा घ्याचा."

विजयमालाबाईंना राग आला. तेहेतीस वर्षं त्यांनी फळ्यावर तो कांदा काढला होता. वर्तुळात वर्तुळ, मधे ठिपका, ठिपक्यात 'बालपण'. एकाही पोरानं हात वर केला नव्हता. निम्मी तर कांदा लावणाऱ्या कास्तकारांची पोरं होती ती! त्यांनी लाल पेन काढलं.

"शेवटचा चान्स आहे गोमते. परीक्षकासमोर पुस्तकाला उलटं म्हणायचं नाही. पास हो, मग काय शहाणपणा करायचा तो कर."

आणि सगळ्या पानावर तिरकी रेघ मारून त्यांनी वेगळ्या कागदावर नवा मजकूर लिहून दिला. 'उपरोक्त तिन्ही प्रतिमाने परस्परपूरक असून…' वगैरे. गोमती बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. तुले जास्त समजते." विळा पुन्हा चालू झाला. त्या 'बरं'चा आवाज विजयमालाबाईंना आवडला नाही, पण जीपची वेळ झाली होती.

तोंडी परीक्षा वाशिमला होती. अभ्यासकेंद्राच्या व्हरांड्यात बाकं मांडलेली. विजयमालाबाई दाराजवळच्या बाकावर बसल्या, म्हणजे ऐकू यावं. परीक्षक मंजुषा मॅडम, पस्तिशीच्या असतील. तिन्ही प्रतिमानं गोमतीनं धडाधडा सांगितली. हिमनगाशी आल्यावर स्वतःहून म्हणाली, "हा म्या पाह्यला नाई मॅडम, पुस्तकातलंच सांगून राह्यली." मॅडम हसल्या. विजयमालाबाईंनी बाहेर सुस्कारा टाकला.

मग कागद उलटल्याचा आवाज आला.

"आजी, हा शेवटचा भाग तुम्ही लिहिलेला नाही."

आत आणखी एक पान उलटलं गेलं.

"'परस्परपूरक', 'उपरोक्त'. आधीच्या चाळीस पानांत तुम्ही असं एकदाही बोलला नाहीत. या भागाला वीस गुण आहेत. मत तुमचं नसेल तर मला शून्य द्यावं लागेल, आणि शून्य दिलं तर तुम्ही पास होत नाही."

"माहं मत होतं," गोमती हळूच म्हणाली. "म्याच काढलं. भ्याली."

विजयमालाबाई उठल्या. परीक्षेच्या खोलीत बाहेरच्या माणसानं जायचं नसतं. हा नियम त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवला होता. त्या सरळ आत गेल्या.

"खोटं बोलतेय ती. मी काढलं. ते लिहिणं माझं आहे. मी विजयमाला, कारंज्याला शिकवत होते. हिचं मत बरोबर होतं आणि मला ते पटत नव्हतं म्हणून नाही, मला पटलं होतं म्हणून मी खोडलं." एवढं बोलल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ही गोष्ट त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हती.

"विजे, तू बाहीर जा," गोमती खेकसली. "माहा पेपर हाये."

मंजुषा मॅडमनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग ड्रॉवरमधून दोन कोरे ताव काढले. "अर्धा तास. इथं माझ्यासमोर, स्वतःच्या हातानं. आणि मॅडम, तुम्ही प्लीज बाहेर."

अर्धा तास विजयमालाबाई व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. एकदा त्यांना दारातून गोमतीची पाठ दिसली, कागदावर वाकलेली, डावा हात त्याला कुंपण घातल्यासारखा. कारंज्याच्या खोलीत ती अशीच बसायची. तेव्हा विजयमाला खांद्यावरून डोकावायची आणि गोमती कोपरानं ढोसायची. आज डोकावता येत नव्हतं.

तिनं काय लिहिलं ते नंतर कळलं. मंजुषा मॅडमनी एक उतारा मोठ्यानं वाचला, थोडासा मुद्दामच, दाराकडे तोंड करून. "एकोणीस वर्षांची गोमती माझ्या आत कुठं पुरलेली नाही. तिला उकरायला जायचं काम नाही. ती माझी वरची साल आहे. वाळली, पण तिच्यामुळेच आतलं सगळं जागेवर राहिलं. आणि आत जे पान आहे ते यंदाचं आहे. पुस्तक लिहिणाऱ्यानं कांदा चिरला असेल, लावला नसेल."

"हे सगळं मानसशास्त्र मला मान्य नाही," मॅडम म्हणाल्या. "बालपण माणसाच्या आतही असतंच. पण मत तुमचं आहे. शंभरात सत्तावन्न."

पास. गोमतीनं वाकून नमस्कार केला तो टेबलाला की मॅडमना, ते कळलं नाही. बाहेर आली आणि पदरानं मान पुसत बाकावर बसली.

विजयमालाबाईंना खूप काही बोलायचं होतं. अठ्ठ्याहत्तरपासूनचं. लसूण काढणीच्या दिवशी आपण कामरगावला येऊन तुझ्या सासऱ्याशी भांडायला हवं होतं, ते. बस मिळत होती, वेळही होता, पण त्या गेल्या नव्हत्या. त्यांनी तोंड उघडलं.

"सत्तावन्नच?" गोमती म्हणाली. "तुही रेघ नसती तं साठ भेटले असते. फर्स्ट क्लास गेला माहा तुह्यापायी."

"हो," विजयमालाबाई म्हणाल्या. "गेला."

"मंग चहा पाज. आन भजे. कांद्याचे नको सांगू, वीट आला."