शंकर-पार्वतीच्या पाठीवरचं शास्त्र

आमच्या घराण्यात शास्त्राचा अभ्यास करणारा मी पहिला, आणि माझ्याच कृपेने शेवटचा.

परभणीत आमचं कापडाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. राज्य निजामाचं, त्यामुळे शाळेत सगळं उर्दूतून. गणित उर्दूतून, भूगोल उर्दूतून, छड्यासुद्धा उर्दूतून. बाकीच्या विषयांत मी कसाबसा तरून जायचो, पण शास्त्रात दोनदा बुडालो होतो. तिसऱ्या वर्षी आमचे वडील, म्हणजे अप्पा, गादीवरचा लोखंडी गज माझ्यापुढे धरून म्हणाले, "मन्मथा, औंदा शेवटचं. पास झालास तर हैदराबादला जा, न्हाई तर हे धर आन् कापड मोज."

मला इंजिनियर व्हायचं होतं. इंजिनियर नेमकं काय करतो हे ठाऊक नव्हतं, पण त्याला कापड मोजावं लागत नाही याची खात्री होती.

शास्त्रात माझं घोडं एकाच ठिकाणी पेंड खायचं. शास्त्राची रीत. मुशाहिदा म्हणजे नीट बघणं, मग सवाल, मग मफरूजा म्हणजे अंदाज, मग तजुर्बा म्हणजे करून बघणं आणि शेवटी नतीजा म्हणजे निकाल. हा प्रश्न दरवर्षी हमखास यायचा. शब्द तोंडावर होते, पण त्यांच्या व्याख्या, म्हणजे उर्दूतल्या 'तारीफ', असल्या जडजंबाल की पहिल्या ओळीचा अर्थ लागेपर्यंत दुसरी विसरायची.

आमचे शास्त्राचे मास्तरसाहेब हैदराबादचे. स्वभावाने गरीब. बायकोमुलं तिकडे आणि हे वर्षानुवर्षं इकडे. ते म्हणाले, "मियाँ, घोकना नक्को. पत्ते बनाओ. एक शब्द, एक तस्वीर, नीचे तारीफ. उलटे रखो, एक उठाओ, आँख मूँद के बोलो. और याद रखो, एक बार का तजुर्बा तजुर्बा नहीं. बार बार करो, नतीजा वही आया तो मानो."

हे शेवटचं वाक्य नीट ध्यानात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नव्हतं.

पत्ते करायचे तर जाड कागद हवा. तो दुकानात होताच. एका गिरणीच्या ताग्यांवर पुठ्ठे बांधून यायचे. एका बाजूला रंगीत शंकर-पार्वती, दुसरी बाजू कोरी. सगळे पुठ्ठे एका मापाचे, सगळ्यांवर एकच शंकर-पार्वती. मी पाच उचलले. आता चित्रं कोण काढणार? मी काढलेला घोडा लोक आडवा धरून बघत. म्हणून वहिनींना गळ घातली. त्यांची रांगोळी बघायला शेजारच्या गल्लीतून बायका यायच्या.

"शास्त्रज्ञ काढायचा हाय," मी म्हणालो.

"म्या कुठं बगितलाय शास्त्रज्ञ? जे घरात हाय ते काढते."

आणि त्यांनी ते काढलं. मुशाहिदा म्हणून आमची आत्या खिडकीच्या फटीतून समोरच्या घरात बघतेय. (आत्या लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आली होती, आणि त्या खिडकीला तेव्हापासून सुट्टी नव्हती.) सवाल म्हणून हनुवटीला बोट लावून दोन लुगड्यांपुढे बसलेली गिऱ्हाईक बाई. मफरूजा म्हणजे आमच्या ओट्यावरचा म्हातारा शिंपी, टेप गळ्यात आणि माप डोळ्यांनी. तजुर्बा म्हणजे तळहातावर आमटी घेऊन चाखणारी माझी आई. पाचव्या पत्त्यावर छडी उगारलेले अप्पा होते, आणि पुढे कान धरून कोणीतरी उकिडवं बसलं होतं.

"वहिनी, हे काय?"

"नतीजा. दरसाल ह्योच असतो की."

मी प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात व्याख्या लिहिली आणि कामाला लागलो. घरात उजेडाची आणि शांततेची जागा एकच, देवघरापुढची. तिथे पत्ते पसरले. अप्पा दुकानातून पाणी प्यायला आत आले आणि "घरात पत्ते?" असं म्हणून त्यांनी खरोखरची छडी उचलली. एवढ्यात त्यांची नजर शंकर-पार्वतीवर गेली. छडी खाली ठेवून त्यांनी हात जोडले आणि निघून गेले. त्या क्षणी मला वाटलं, माझी युक्ती फारच नामी आहे. माझं वाटणं हे आयुष्यभर असंच राहिलं आहे.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. अडलंनडलं की आत्या सोमवारी महादेवाला कौल लावायची. पिंडीवर ओली बेलाची पानं चिकटवायची, डोळे मिटून विचारायचं, आणि उजवं पान आधी पडलं तर होकार. बैलाचा सौदा असो की वहिनींचं बाळंतपण, कौलाशिवाय पान हलत नसे, आणि कौलात तर पानच हलावं लागे.

तर आत्या सोमवारी बेल घेऊन आली आणि काय बघते? भाचा आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून देवापुढे बसलाय, समोर शंकर-पार्वती वर करून पत्ते मांडलेत, डोळे मिटून तो एक उचलतो आणि कुणाला न कळणारं काहीतरी खड्या आवाजात म्हणतो. तिने बेल खाली ठेवला.

"मन्मथा, शेजारच्या तुळसाची म्हैस कालधरनं न्हाई. इचार की."

"आत्या, हे शाळेचं हाय."

"शाळेचं असंना. वर म्हादेव हाय का न्हाई?"

वर महादेव होता. नाही कसं म्हणणार? मी वाद टाळायला एक पत्ता उचलला. मुशाहिदा. आत्याने चित्रात स्वतःला ओळखलं. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण तिने डोळ्यांना पदर लावला. "देवानं मला खिडकीत बसवलंय," म्हणाली, आणि तडक खिडकीत जाऊन बसली. ती नेहमी समोरच्या घरात बघायची, त्या दिवशी प्रथमच समोरच्या घराच्या पलीकडे बघितलं. सरकीच्या ढिगामागे म्हैस रवंथ करत उभी होती.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, आणि आठवडी बाजार उरकेपर्यंत तालुक्याला.

पुढच्या सोमवारी माझे पत्ते लाल कापडात बांधून देवघरात गेले होते. आईने प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं. शंकर-पार्वतीला वाहिलं ते ठीक, पण उलट्या बाजूला तिची नणंद, नवरा आणि ती स्वतः, म्हणून तिकडेही थोडं. व्याख्या बरोबर कुंकवाखाली आल्या.

"माय, माझा अभ्यास हाय त्याच्यावर."

"मग चांगलंच हाय की. देव पावंल."

आंघोळीशिवाय हात लावायचा नाही, सोमवारशिवाय सोडायचे नाहीत, आणि सोमवारी तर दारात रांग. मी माझ्या स्वतःच्या पत्त्यांसाठी रांगेत उभा राहिलो, तेव्हा मागची बाई म्हणाली, "मालकाच्या पोरानं तरी मधी घुसू ने." मी मागे गेलो.

आत्या उघड्या केसांनी, गळ्यातलं इष्टलिंग (आम्ही लिंगायत) हातात धरून अर्थ सांगायची. जिंतूरचे दोन भाऊ विहिरीवरून एकमेकांशी बोलत नव्हते, त्यातल्या धाकट्याला सवाल निघाला. आत्या म्हणाली, "बाई इचारायलीय बग चित्रात. तू बी जाऊन सरळ इचार." त्याने विचारलं. थोरला म्हणाला, "मी तुझ्याच इचारायची वाट बगायलो." सोनपेठचं एक कुटुंब मुलीच्या सोयरिकीचं विचारायला आलं. मफरूजा. "शिंप्याला इचारा," आत्या म्हणाली. ओट्यावरच्या शिंप्याने सांगितलं की त्या नवरदेवाचा लग्नाचा कोट त्याने मागच्याच महिन्यात शिवून दिलाय, दुसऱ्याच लग्नासाठी!

कुणी बघत होतं, कुणी विचारत होतं, कुणी करून बघत होतं, आणि सगळ्यांचं भलं होत होतं. सबंध परभणी शास्त्राच्या रीतीने वागायला लागली होती. फक्त मला ती रीत पाठ होत नव्हती, कारण ती माझ्या हातात येत नव्हती. नवे पत्ते करावेत म्हटलं तर पुठ्ठे अप्पांनी कुलपात ठेवलेले. "देवाचे हायत, वाटेल तिथं न्हाई वापरायचे," म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. रांगेत उभी राहिलेली माणसं कंटाळून लुगडी बघायची.

मी रडकुंडीला आलो. खोटं कशाला सांगू, एकदा कोठीत धान्याच्या कणगीमागे बसून चांगलाच रडलो. एवढ्या मोठ्या गावात माझा त्राता एकच होता. मी मास्तरसाहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते संतापले. "ये जहालत है! चलो, मैं बोलता तुम्हारे वालिद को."

आले. अप्पांनी गादीवर बसवलं, पान दिलं. मास्तरसाहेबांनी पत्ते मागवले, कुंकू फुंकून चित्रं बघितली आणि वहिनींच्या हाताचं तोंड भरून कौतुक केलं. मग दाराकडे बघत हळूच आत्याला म्हणाले, "बाई, वो... मेरे तबादले का पूछते क्या?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

तजुर्बा निघाला. आत्याने माझ्या आईच्या तळहातावरच्या आमटीकडे बोट दाखवलं. "चाखल्याबिगर मीठ कळतंय का? अर्ज करा की."

"देते नहीं वो लोग."

"केलाता का कदी?"

मास्तरसाहेबांनी कधीच केला नव्हता. नाहीच मिळणार, असं धरून चालले होते. त्या रात्री त्यांनी अर्ज लिहिला आणि परीक्षेच्या तोंडावर त्यांची बदली हैदराबादला झाली. जाताना त्यांनी देवघराबाहेर उभं राहून आदाब केला, आत्याला लुगडं दिलं (आमच्याच दुकानातलं), आणि मला मिठी मारली. डोळे पाण्याने भरले होते. आम्हा दोघांचेही, पण कारणं वेगवेगळी.

त्यांच्या जागी परीक्षेपर्यंत कुणीच आलं नाही.

पेपराच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "गावाचं इचारलं, तुझं न्हाई इचारलं." मी हसलो. म्हणालो, मी शास्त्राचा विद्यार्थी, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मग आंघोळ केली, भस्म लावलं, आणि देवापुढे जाऊन बसलो. पत्ता उचलला.

छडी उगारलेले अप्पा.

ज्या आत्याने हरवलेल्या म्हशीपासून बदलीपर्यंत प्रत्येक चित्रातून काहीतरी गोड काढलं होतं, तिने हा पत्ता जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "ज्येव जा बाळा," एवढंच म्हणाली.

पेपरात तोच प्रश्न आला. पाच पायऱ्या लिहा, व्याख्या द्या. मी डोळे मिटले. व्याख्येच्या जागी लालभडक कुंकू दिसलं, आणि कानात फक्त आत्या. वेळ संपत आला तेव्हा मी कोरा पेपर देण्यापेक्षा बरं म्हणून शुद्ध उर्दूत लिहून दिलं: मुशाहिदा म्हणजे खिडकीतून बघणे, याने म्हैस सापडते. सवाल म्हणजे भावाला सरळ विचारणे. मफरूजा असल्यास शिंप्याकडे जावे. तजुर्बा म्हणजे आमटी चाखून अर्ज करणे. नतीज्याबद्दल मला काहीही लिहावंसं वाटलं नाही.

निकाल लागला. मी शास्त्रात नापास. घरात सुतक पडायला हवं होतं, पण गल्लीत आत्याचा जयजयकार झाला. बाकीचे कौल अर्थ लावून खरे ठरले होते. हा एकच असा, की चित्रातलं जसंच्या तसं घडलं. अप्पांनी छडीसुद्धा उगारली. पण मी आपोआप कान धरून उकिडवा बसलेला बघून त्यांना हसू फुटलं. छडी टाकून ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

"लय मन होतं का रं जायचं?"

"व्हय."

"मग बसतोस का आनखी एकदा? म्या न्हाई म्हनत न्हाई."

माझा बाप असं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "कौल लावू." हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, ते त्या शंकर-पार्वतीलाच ठाऊक.

पत्ता उचलला. नतीजा. मी म्हणालो, हा योगायोग. नीट पिसले, पुन्हा उचलला. नतीजा. वहिनींना पिसायला दिले, त्यांच्या हातून उचलला. पुन्हा अप्पा, पुन्हा छडी, पुन्हा मी. (त्या पत्त्यावर आईने नवऱ्याच्या आयुष्यासाठी जरा जास्तच कुंकू वाहिलं होतं, आणि तो इतरांपेक्षा दुप्पट जाड झाला होता, हे वहिनींनी मला सांगितलं, पण मला दोन नातवंडं झाल्यावर.)

तेव्हा मला मास्तरसाहेबांचं वाक्य आठवलं. एकदा केलेला तजुर्बा तजुर्बा नव्हे. पुन्हा पुन्हा करा, नतीजा तोच आला तर माना. शास्त्राची रीत मी उभ्या आयुष्यात एकदाच, पण अगदी शेवटपर्यंत पाळली. उठलो, दुकानात गेलो आणि गज हातात घेतला.