आबांची रांग

मी पुण्यात रडारवर संशोधन करत होते आणि प्रयोगाला मोकळं रान हवं होतं. आमच्या गावी, शेळगावात, रानाचा एक तुकडा पडीक होता. तिथं बांबूंच्या लांबलचक रांगेवर अँटेना बसवायच्या, लहरी सोडायच्या आणि परतलेल्या प्रतिध्वनींतून शिवाराचं चित्र काढायचं, असा बेत. बांबू रोवायला आबा, म्हणजे माझे वडील, पुढं सरसावले. त्यांची काकरी, म्हणजे पेरणीची ओळ, सुतासारखी सरळ, ही पंचक्रोशीत ख्याती. दोरी बांधू म्हटलं, तर म्हणाले, "दोरी कशाला? माझी नजर हाय की." त्यांच्या त्या ऐटीवर माझा फार जीव होता.

थंडीतल्या सकाळी कालव्यावरून धुकं यायचं आणि बांबू त्यात एकेक करून विरघळायचे. मला वाटायचं, ही रांग अशीच चालत बारामतीला पोचली असेल.

एका सकाळी त्या धुक्यात मेंढ्या बसलेल्या दिसल्या. पडीक रानात खतासाठी मेंढरं बसवायची आमच्याकडची रीत. धनगरांना आबांनीच बोलावलं होतं, अँटेना साफ विसरून. मेंढ्या बांबूंना निवांत अंग घासत होत्या. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं, पण ते सगळं इतकं सुंदर दिसत होतं की रागवायचं सुचेना.

चित्र अर्थातच बिघडलं. पडद्यावर नुसता राखेसारखा करडा पसारा.

"मेंढरांनी घोळ केला," आबा म्हणाले. "माझी रांग सरळच हाय."

बांबूंच्या जागा पुन्हा मोजायची गरज नव्हती. टेकाडावरच्या लोखंडी टाकीचा प्रतिध्वनी सगळ्यांत ठळक यायचा. टाकी जागची हलत नाही. तो प्रतिध्वनी कुठल्या अँटेनाला लवकर पोचला, कुठल्या अँटेनाला उशिरा, यावरून कुठला बांबू किती पुढं-मागं सरकलाय ते गणितच शोधतं आणि चित्र दुरुस्त करतं.

संध्याकाळी पडद्यावर बांध उमटले, मग बाभळी. शिवार झोपेतून उठत होतं. सोबत प्रत्येक बांबूची चूकही आली. मेंढ्या बसल्या त्या मधल्या भागातले बांबू कसेही सरकलेले. सुरुवातीचे अगदी सरळ. शेवटचे मात्र, जिथं मेंढ्या फिरकल्याच नव्हत्या, एकाच बाजूला वळत गेलेले.

"आबा, शेवटचे बांबू रोवताना तिथनं पहिला बांबू तुमाला दिसत व्हता का?"

आबांनी पडद्यावरून नजर काढली.

"न्हाय," म्हणाले. "गावात बोलू नगंस."

दुसऱ्या दिवशी आम्ही बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. गावात सांगितलं, अँटेनाची वायर आणायला चाललोय.