दिनेशचं बंद पडलेलं चॅनल

त्या दुपारी दिनेशच्या नंबरवरून तीन फोन आले आणि तिन्ही मी कट केले. पुन्हा तोच विषय काढणार, म्हणून वैताग आला होता. मग मेसेज आला, ‘मास्तर, मी सुषमा. हे गेले.’ मी तो वाचला आणि... कुठे गेला, असंच आधी मनात आलं. टिटवाळ्याला एका हळदीसाठी स्पीकर लावता लावता तो खाली बसला आणि उठलाच नाही. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस! पाच आठवडे झाले, आता एकही फोन मी कट करत नाही.

दिनेश म्हात्रे माझा विद्यार्थी, पण त्याआधी घरमालकांचा मुलगा. डोंबिवलीजवळच्या शाळेत संगीत शिक्षक म्हणून लागलो तेव्हा त्यांच्याच घराची एक खोली मी भाड्याने घेतली होती. भिंतीपलीकडे त्याची आत्या राहायची, विधवा होऊन माहेरी आलेली. ती धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात विधींची गाणी, धवले, म्हणणारी बाई. त्याच खोलीत पेटीवर मी एका प्रार्थनेची चाल बांधली. ती शाळाशाळांत गेली, ठाण्यात माझा सत्कार झाला. नाव घ्यावं असं आयुष्यात तेवढं एकच काम माझ्या हातून झालं, आणि त्याचा मला केवढा ताठा!

दिनेश मोठा होऊन मिक्सिंग करू लागला. गावोगावच्या म्हाताऱ्या धवलारणींना गाठायचं, त्यांचे आवाज टिपायचे, खाली ढोल नि बेंजो घालून हळदीत वाजवायचे आणि इंटरनेटवरच्या आपल्या चॅनलवर टाकायचे. म्हातारीला आधी ऐकवायचं, तिनं हो म्हटलं तरच पुढे जायचं, हा त्याचा नेम. मला मात्र त्याचं काम कधी काम वाटलंच नाही. ‘काय रे, आज कोणाचं चोरलंस?’ असं मी चारचौघांत विचारायचो आणि तो हसायचा.

गेल्या वर्षी घोडबंदर रोडवर आमची बस अडकली असताना शेजारच्या वऱ्हाडाच्या गाडीतून माझी प्रार्थना ऐकू आली. ढोलावर! आतली माणसं बसल्या जागी नाचत होती. माझं डोकंच फिरलं. घरी जाऊन इंटरनेटवर शोधून दहा सेकंद ऐकलं, दिनेशचं नाव पाहिलं आणि कॉपीराइटच्या तक्रारीचा अर्ज भरून टाकला. त्याच्यावर दोन तक्रारी कंपन्यांनी आधीच केल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. तिसरी माझी झाली आणि नियमाप्रमाणे अख्खं चॅनलच बंद पडलं. चॅनलवरच्या कित्येक म्हाताऱ्या एव्हाना वारल्याही होत्या.

तो घरी आला. भांडला नाही. ‘मास्तर, लग्नात वाजवायला तर कायदाच सूट देतो ना?’

‘वाजवायला देतो. मोडतोड करून चॅनलवर टाकायला नाही.’

‘बरं, माझं ते गाणं मी काढतो. पण म्हाताऱ्या तरी परत येऊ द्या. तुम्ही तक्रार मागे घेतली की चॅनल उघडेल. आणि एकदा पूर्ण ऐका ना, सहा मिनिटांचं तर आहे.’

‘तो धिंगाणा मी सहा मिनिटं ऐकू? बघतो.’

त्या ‘बघतो’वर मी त्याला आठ महिने ठेवलं. त्याने अजून एकदा यावं, अजून एकदा विनवावं, असं मला वाटायचं. लिहितानाही लाज वाटते.

तेराव्याला गेलो तेव्हा सुषमाने, त्याच्या बायकोने, मला त्याच्या मिक्सिंगच्या खोलीत नेलं. ‘आता तरी ऐका,’ म्हणाली आणि गाणं लावलं. चौथ्या मिनिटाला ढोल थांबला. एक तरुण बाई एकटीच धवला म्हणत होती आणि चाल... चाल माझी होती. सूर न् सूर माझा. मी ताडकन उठलो. ‘ही कोण? हिला माझी चाल कोणी शिकवली?’

तो आवाज जिच्यातून घेतला, ती कॅसेट सुषमाने माझ्या हातात ठेवली. दिनेशच्या आईवडिलांच्या लग्नातली, तो जन्मायच्याही आधीची. मी त्या घरात राहायला आलो त्याच्या कितीतरी आधीची.

आत्या दाराला टेकून उभी होती. ‘मीच ती,’ म्हणाली. ‘माझे सासूची चाल हाय, मास्तर. तुम्ही त्या खोलीत होतात ना, तवा भाकऱ्या करताना रोज बोलायची मी.’

मी ती रोज ऐकली, विसरलो आणि स्वतःची म्हणून बांधली. खरंच सांगतो, मला काहीही आठवत नाही. आठवत नाही, याचाच जास्त धक्का बसलाय.

‘ह्यांचा वकील मित्र बोललेला, कॅसेट दाखव, तक्रार टिकणारच नाही,’ सुषमा म्हणाली. ‘हे नको बोलले. मास्तरांना शाळेत तोंड दाखवायचंय, बोलले. ते स्वतः ऐकतील तेव्हा ऐकतील.’

दिनेशच्या खुर्चीत बसून मी तक्रार मागे घेण्याचा अर्ज उघडला. त्यात आधी एका चौकटीत खूण करावी लागते. तक्रार करताना ती मी बेधडक केली होती. आता चौकटीपुढची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

‘काय लिवलंय?’ आत्याने विचारलं. तिला वाचता येत नाही.

मी वाचून दाखवलं, ‘मी या कृतीचा मूळ हक्कधारक आहे.’

तिने पडद्यावरच्या त्या चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, ‘करा खूण. बायांना बाहेर येऊ द्या.’