दाराबाहेरचा कान

अमेरिकेत ओक्लाहोमातल्या त्या गावात शाळेच्या संगीतशिक्षिका वर्डा स्टकीबाईंच्या कानाचा दरारा होता. अख्खं गायनपथक एकत्र गात असलं, तरी कुणाचा सूर केसभर ढळला हे त्या पाठमोऱ्या उभ्या राहून सांगत. मुलं अमली पदार्थ घेतात का हे पाहायला शाळेत लघवीची तपासणी सुरू झाली, तेव्हा मुख्याध्यापक हडलस्टन यांनी या कानाचं सोनं करायचं ठरवलं. बाईंना मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर उभं केलं. आतून लघवीचा नैसर्गिक आवाज येतो का, ते ऐकायचं, म्हणजे कुणी दुसऱ्याचा नमुना लपवून आणलेला नाही याची खात्री. संगीताची याहून थोर सेवा कोणती?

नियमही मोठा हुशार. जे गातात, वाजवतात, बुद्धिबळ खेळतात, त्यांचीच तपासणी. जी पोरं कशातच नव्हती, ती पार्किंगच्या मागे धूर सोडत निवांत उभी असत. त्यांना कोण पकडणार? ती कशात भागच घेत नव्हती.

शुक्रवारी तपासणीच्या सोडतीत गायनपथकातल्या केलिन रॅटलिफचं नाव निघालं. दुसऱ्या दिवशी राज्यस्पर्धा, आणि मुख्य गाणं तिचं. नमुना दिला नाही तर ती दोषी. दोषी तर गाणं बंद.

केलिन आत गेली. नमुन्यात कुणी पाणी मिसळू नये म्हणून नळाला चिकटपट्टी, कमोडच्या पाण्यात निळा रंग. बराच वेळ काहीच नाही.

"होत नाहीये, बाई."

"घाई नाही गं."

"तुम्ही ऐकताय ना, म्हणून!"

"मग काय कान काढून ठेवू?"

हडलस्टन डोकावले. "स्टकीबाई, शाळा सुटेपर्यंत थांबू. मग नकारच समजायचा."

ते वळले तशा बाई भिंतीला टेकल्या आणि स्पर्धेतलं गाणं गाऊ लागल्या, खड्या आवाजात. केलिनची ओळ आली तिथे थांबल्या. वर्षभराची सवय, आतून ओळ उचलली गेली. मग दोघी गात राहिल्या. कॉरिडॉर दणाणला. त्यात बाकी काय ऐकू येणार?

थोड्या वेळाने केलिन पेला घेऊन बाहेर आली, लालबुंद. पेल्यातल्या चाचणीच्या पट्टीवर ती निर्दोष निघाली.

"नैसर्गिक आवाज आला ना?" हडलस्टननी विचारलं.

एवढ्या वर्षांत बाईंनी बेसूर गाण्याला कधी सुरेल म्हटलं नव्हतं.

"आला," त्या म्हणाल्या. "स्वच्छ."

हडलस्टन समाधानाने गेले. बाई केलिनकडे वळल्या.

"तिसऱ्या ओळीत खाली घसरलीस. उद्या तिथे श्वास आधी घे."