माझ्या काखेतली फाइल

रांजणगावच्या त्या कंपनीनं एका फोनवर होकार दिला, तेव्हाच मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. शिरूरच्या आमच्या कॉलेजात मुलांना नोकरीला लावायचं काम माझ्याकडं आहे. कंपन्या किती चपला झिजवायला लावतात ते मला ठाऊक. त्यात ही मुलगी जन्मापासून ऐकू न येणारी. निमोण्याची, नुकतीच बी.कॉम. झालेली. नोकरी नाही लागली तर घरचे तिचं लग्न उरकणार होते.

मागं दौंडच्या एका मुलाला दुसऱ्या एका कंपनीनं असंच पटकन घेतलं होतं, अपंगांना नोकरी दिली असं कागदावर दाखवायला. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स, गुच्छ, फोटो, आणि मग निरोप, घरीच बस, हजेरी आम्ही लावतो. म्हणून मी तिच्याबरोबर गेलो, तिची फाइल काखेत मारून.

कंपनीतल्या साहेबांनी चहाच्या आधी सर्टिफिकेटची झेरॉक्स मागितली. झालं, माझं डोकं फिरलं. काम कुठलं, विचारलं. काचेपलीकडच्या प्रेस शॉपमध्ये, मशिनवर पत्रा ठोकून काढलेले पार्ट तपासायचे, म्हणाले. तिथल्या आवाजानं टेबलावरचा ग्लाससुद्धा हलत होता.

“आवाजाचा तिला तरास न्हाई ना, सर,” साहेब म्हणाले. “बाकीची टिकत न्हाईत तिथं.”

म्हणजे यांना तक्रार न करणारं माणूस हवं होतं. विचार करून कळवतो म्हणालो आणि निघालो. ती काचेकडं वळून बघत मागून आली.

गेटवर तिनं माझी बाही ओढली आणि मोबाइलवर लिहिलं, “आत सगळे कानात बोळे घालून हातानंच बोलतात. एकानं विचारलं, कॅन्टीनला काय? दुसरा म्हणाला, परत वांगी.”

मी सावकाश ओठ हलवत सांगितलं, ही माणसं तुला फसवतील.

तिनं पुन्हा लिहिलं, “फसवलं तर सोडीन. कॉलेजात तीन वर्षं माझ्याशी हातानं कुणीच बोललं नाही. तुम्हीपण नाही.”

मला खरंच लाज वाटली. तिनं माझ्या काखेतली फाइल ओढून घेतली आणि एकटीच आत गेली.

मी वॉचमनच्या केबिनपाशी थांबलो. ते आधी प्रेस शॉपलाच कामाला होते. त्यांनाही मी विचारून घेतलं, इथं कुणाला नुसतं हजेरीवर ठेवतात का. त्यांनी गेटचं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं, बाहेर पडल्याची वेळ लिहायला.

तासाभरानं ती दारात आली आणि लांबूनच हातांनी काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. वॉचमननी तिला हातानंच उत्तर दिलं आणि माझ्याकडं वळले.

“उद्यापास्नं ये म्हणलेत तिला, सर. आन् तुम्ही नका येऊ म्हणती.”