दगडावरची नवकंकरी

माझी आत्या खुलताबादजवळच्या वाडीवर राहायची, मेंढरं राखायची. वडील वाळूजच्या कारखान्यात लागल्यावर आम्ही शहरात, उस्मानपुऱ्यात राहायला आलो, तरी माझी उन्हाळ्याची सुट्टी तिच्याकडंच जायची. नवकंकरी मला तिनंच शिकवली. कोळशानं जमिनीवर एकात एक तीन चौकोन काढायचे, मधून रेघांनी जोडायचे आणि आपले तीन खडे एका ओळीत आणायचे. ओळ जमली की समोरच्याचा एक खडा उचलायचा.

एका दुपारी मेंढरांमागं फिरता फिरता आम्ही वेरूळकडच्या डोंगरात गेलो. तिथं मोठ्या लेण्यांपासून लांब, अर्धवट कोरून सोडलेलं एक बुटकं लेणं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं, आत मात्र माठाला हात लावल्यासारखा गारवा. भाकरी खाऊन मी तिथंच आडवी झाले. डोळे मिटत आले होते, आणि बोट दगडातल्या एका खाचेतून आपोआप सरकत होतं. खाच लांब गेली, काटकोनात वळली, पुन्हा वळली. मी उठून ओढणीनं धूळ झाडली.

"आत्या, इथं नवकंकरी हाय."

तिला वाटलं मी झोपेत बोलतेय. मग ती आली, वाकली आणि बराच वेळ त्या चौकोनांवर तळहात फिरवत राहिली. हे कुणी काढलं असेल, असं मी विचारलं.

"ज्यांनी हे लेणं कोरलं, त्यांना बी दुपार व्हतीच की," ती म्हणाली.

खरं तर तिच्यासारख्याच कुणा मेंढपाळानं नंतर कधी ते कोरलं असेल. आम्हाला काय माहीत. आम्ही बाहेरून खडे वेचून आणले आणि उन्हं कलेपर्यंत खेळलो. माझी पाळी आली की मला वाटायचं, कुणीतरी छिन्नी बाजूला ठेवून शेजारी बसलंय आणि डाव बघतंय. भीती वाटली नाही. उलट खेळ संपूच नये असं वाटत होतं.

पुढं मी कॉम्प्युटर शिकले. घरी एक जुनं मशीन आलं, आणि स्वतःच्या मनानं मी त्यावर पहिला प्रोग्राम केला तो नवकंकरीचा. मशीनला नियम समजले, पण खेळता येईना. दिसला खडा की उचलायचा, एवढंच त्याला ठाऊक. दिवाळीला आत्या आली तेव्हा मी तिला शेजारी बसवलं. ती हसत म्हणाली, लहानपणी तूही अशीच घाई करायचीस. मग एकेक डाव थांबवून तिनं सांगितलं, आधी समोरच्याची वाट कशी अडवायची, खडा मोकळा कसा ठेवायचा. ती सांगत गेली, मी मशीनला शिकवत गेले. भाऊबीजेच्या संध्याकाळी मशीननं तिला हरवलं.

ती पडद्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्याला कळलं का, त्यानं डाव जिंकला ते?"

मी नाही म्हणाले.

"मंग सांग की त्याला."

मला हसू आलं, पण ती वाट बघत होती. मी दोन शब्द टाइप केले. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवले, "तू जिंकलास."

आत्यानं समाधानानं मान हलवली, पदर नीट केला आणि नवा डाव मांडायला सांगितलं.