घरच्या मशीनचे स्क्रू

खाचमास्तरांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. ज्यांनी स्क्रूच्या खाचेची वाट लावली आहे ती, आणि ज्यांना अजून तशी संधी मिळालेली नाही ती. आपण सोडून सगळे यातच आले, असं ते चारचौघांत सांगत आणि त्यात कुणाला वाईट वाटेल हे त्यांच्या मनालाही शिवत नसे.

शिलाई मशीन दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधली फट होती ती. एखादा शिंपी मशीन घेऊन आला की मास्तर आधी बिघाड विचारत नसत. भिंग लावून एकेक स्क्रू बघत आणि तोंड वाकडं करून म्हणत, "सुरीनं उघडलंत की कात्रीच्या टोकानं?"

"स्क्रूच घट्ट होता हो," शिंपी चाचरत म्हणे.

"नाचता येईना अंगण वाकडं. स्क्रू म्हणजे काय सासूबाईंचा स्वभाव आहे, जोर लावून वळवायला?"

मास्तरांचं काम चोख होतं, म्हणून लोक बोलणी खाऊनही येत.

हार्डवेअरवाल्याला तर मास्तर लांबून दिसले तरी मागच्या खोलीत काहीतरी काम निघे. मास्तरांच्या खिशात चिंधीत गुंडाळलेला एक स्क्रू कायम असायचा. तो काउंटरवर ठेवून ते दुकानातला एकेक पेचकस खाचेत बसवून बघत आणि बाजूला सारत. "हे टोक बघा. पाचरीसारखं निमुळतं. खाचेच्या तळाला पोचतच नाही, नुसतं काठावर टेकतं. जोर लावला की वर सरकतं आणि जाताना काठ घेऊन जातं. टोकाच्या दोन्ही बाजू सरळ हव्यात, जाडी खाचेइतकी हवी, रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी. त्याहून रुंद असेल तर शेजारचा पत्रा खरवडणार. याला पेचकस म्हणता तुम्ही? याने डब्यांची झाकणं उघडा." मग त्यातलाच सगळ्यात जाड पेचकस घेऊन ते घरी जात आणि कानशीनं घासून, मधूनमधून पाण्यात बुडवून, त्याचं टोक मनासारखं करत. ती हत्यारं कापडी घडीत बांधलेली असत. "माझ्या हत्याराला दुसऱ्याचा हात लागलेला मला चालत नाही," हे त्यांचं वाक्य लेकीला बोलता यायच्या आधीपासून पाठ होतं.

आणि कुणी फारच वाद घातला, तर मास्तरांकडे हुकमाचं पान होतं: घरचं मशीन. ते बायकोला तिच्या आईकडून मिळालेलं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, आणि तिच्या स्क्रूचे आटे असे की आजच्या बाजारातला एकही त्यात बसत नाही. "या घरी," मास्तर म्हणत. "इतकी वर्षं रोज चालतंय. एका स्क्रूवर ओरखडा दाखवा, धंदा सोडतो." लोक खरंच येऊन बघून जात. मास्तर तेव्हा छाती काढून उभे राहत आणि बायको चहा ठेवायला आत जाई.

मग मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्यालाही धूसर दिसत होतं. वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तुमच्या हत्याराचं टोक निमुळतं आहे का, असं मास्तरांनी त्यांना विचारलं होतं, आणि डॉक्टर हसले म्हणून ते त्यांच्याही नावावर फुली मारून आले होते. दुकान बंद ठेवून ते घरी खाटेवर बसले.

नेमकं तेव्हाच घरचं मशीन अडलं. बायकोकडे शाळेच्या गणवेशांचं काम होतं, शाळा तोंडावर आलेली, आणि कापडाखाली दोऱ्याचा नुसता गुंता होऊ लागला. सुई मोडून तिचा तुकडा खालच्या पट्टीत अडकला होता. पट्टी काढायला दोन स्क्रू उघडायला हवे होते, आणि त्यातला एकही बिघडला असता तर ते मशीन भंगारातच गेलं असतं.

जावईबापू भेटायला आलेच होते, सोबत चकचकीत पेटी घेऊन. तीत एक मूठ आणि तिला बसणारी नाना तऱ्हेची टोकं. "बाबा, मी उघडतो ना," ते उत्साहानं म्हणाले आणि कुणी हो म्हणायच्या आत भिडलेही. मास्तरांना दिसलं काही नाही, पण टोक खाचेतून निसटल्याचा बारीक आवाज त्यांनी बरोबर ओळखला.

"हात काढा. आधी हात काढा," ते खाटेवरून उठत म्हणाले. "माकडाच्या हाती कोलीत. कुणी शिवायचं नाही याला. मला दिसायला लागलं की मी बघेन."

"तोवर मुलांनी काय घालायचं?" बायको म्हणाली. तिनं जावयाला बाजूला केलं आणि बटणांचा डबा उघडून तळातून एक पेचकस काढला. मास्तरांनी तो हातात घेऊन चाचपला. मूठ अर्धी जळलेली होती. त्यांनीच कधीकाळी कचऱ्यात फेकलेला होता तो. टोक मात्र सरळ, काठ मऊ, दोन्ही बाजू सारख्या घासलेल्या.

"हा कुणी घासला?"

"मी. तुम्ही दुकानात गेलात की महिन्याला एकदा उघडते मी मशीन. भुगा काढते, तेल घालते. जगाची मशिनं केलीत तुम्ही. या मशीनला शेवटचा हात कधी लावलात, आठवतंय?"

मास्तरांनी आठवून बघितलं. आठवेना. ज्या स्क्रूंच्या जोरावर त्यांनी अख्ख्या बाजाराला मूर्खात काढलं होतं, त्या स्क्रूंना मास्तरांचा पेचकस लागलाच नव्हता. त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला, तोही कुणावर काढावा कळेना. बायकोनं टोक खाचेत बसवलं, वरून तळवा दाबला आणि एकेका झटक्यात दोन्ही स्क्रू सैल केले. सुईचा तुकडा निघाला. जावयाचं टोक ज्यावरून निसटलं होतं तो स्क्रू मास्तरांनी मागून घेतला आणि नखानं खाच तपासली. काठ जिथल्या तिथे होता. जावयाच्या टोकानं फक्त शेजारचा पत्रा जरासा खरवडला होता.

"मूठ आखूड आहे," ते म्हणाले.

"मला पुरते," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत मशीन चालू होतं. मास्तर बराच वेळ तो पेचकस हातात फिरवत बसले. आपल्या घडीतल्या एकाही हत्याराला इतकं सरळ टोक नाही, हे बोटांना कळत होतं. शेवटी ते सहज बोलल्यासारखं बोलले, "हा दुकानात नेतो मी. तिथे कामाला येईल."

बायकोनं मशीन थांबवलं नाही. "ठेवा जागेवर. माझ्या हत्याराला दुसऱ्याचा हात लागलेला मला चालत नाही."

जावईबापूंनी हसू लपवायला मान खाली घातली. मास्तरांनी चाचपत बटणांचा डबा शोधला, पेचकस आत ठेवला आणि झाकण नीट लावलं.